पाच अक्षरी शब्दांची वही: पंचवटीतल्या अभ्यासिकेच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार

अभ्यासिकेतल्या मोठ्या मुलांना मोबाइलवरच्या ‘वर्डल’ या शब्दकोड्याचं वेड लागलं आहे. पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, संधी सहा. अडलं की मुलं शोधतात: पाच अक्षरी शब्द, त्यात ए आणि आर, शेवटी ई. समोर लांबलचक यादी येते. तिच्यातला एखादा शब्द टाकून मुलं पुढे जातात. त्याचा अर्थ काय, तो म्हणायचा कसा, हे कुणी विचारत नाही, कारण यादीत ते नसतंच.

आज अण्णांशी बोलले. अभ्यासिका तेच सांभाळतात. म्हटलं, अशी यादी आपणच करू, पण मराठी अर्थासकट. आपल्याकडची सगळी मुलं मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, म्हणजे आठवीतल्या मुलाने सात वर्षं इंग्रजी वाचलेलं असतं. तरी ‘नाइफ’ लिहायला सांगितलं की हात एन या अक्षरावरच जातो. आमच्या मुलांची डोकी चांगली चालतात, बाजारातला हिशेब ती तोंडी करतात. स्पेलिंग तेवढं बसत नाही, कारण प्रत्येक शब्द त्यांच्यापुढे भावकीपासून तोडून, एकेकटा येतो. एका अक्षराचे शब्द एका पानावर आणले तर काय होतं, ते बघायचं आहे.

नियम आजच ठरवून टाकले. बरोबर पाच अक्षरं. विशेषनामं नाहीत. चार अक्षरी शब्दाला नुसता एस जोडून केलेलं अनेकवचन नाही, नाहीतर वही फुगते आणि शिकायला काही मिळत नाही. प्रत्येक शब्दापुढे देवनागरीत उच्चार आणि घरात बोलतात त्या मराठीत अर्थ.

या शेवटच्या अटीवर अण्णा अडले. त्यांना शब्दकोशातले प्रमाण अर्थ हवेत. माझं म्हणणं, ‘क्विल्ट’पुढे ‘रजई’ चालेल, पण ‘गोधडी’ लिहिलं तर मूल विसरणार नाही. दोन्ही लिहायचे, आधी गोधडी, असं ठरलं.

२२ जून

पाच अक्षरी शब्द एकूण किती, हा पहिला प्रश्न. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी निवडून केलेल्या यादीत ५,७५७ आहेत. त्यातले बरेच आमच्या मुलांना जन्मात लागणार नाहीत. मोबाइलवरचं कोडं ज्याने बनवलं त्या जॉश वॉर्डलपुढेही हाच पेच होता. त्याच्याकडे साधारण १२,००० शब्द होते. त्याची जोडीदार पलक शाह हिने एकेक शब्द बघून आपल्या ओळखीचे कोणते ते ठरवलं आणि उत्तरांसाठी साधारण २,५०० उरले. कोडं २०२१मध्ये लोकांपुढे आलं आणि जगभर पसरलं. मला वाटतं, या निवडीचा त्यात मोठा वाटा आहे. उत्तर कळल्यावर ‘अरे, हा तर येत होता!’ असं वाटायला हवं.

आमची निवडही तशीच, फक्त कसोटी वेगळी. शब्द मुलांना येतो का, हे बघायचं नाही. त्यातली वस्तू किंवा क्रिया त्यांच्या ओळखीची आहे का, हे बघायचं. ‘प्लम्ब’ हा शब्द कुणाला येणार नाही, पण ओळंबा गवंड्याच्या मुलाला माहीत असतो. असे शब्द घ्यायचे.

काम स्प्रेडशीटमध्ये चाललं आहे. फिल्टरमध्ये एका अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह टाकता येतं. दोन प्रश्नचिन्हं, मग ओ-ओ, मग एक प्रश्नचिन्ह असं लिहिलं की मध्ये दोन ओ असलेले शब्द समोर. आठवीतल्या दोघींना ही युक्ती दाखवली. पुढचं त्याच करतायत.

२९ जून

क्यूचं पान. सुरुवात मुद्दाम याच अक्षरापासून केली, कारण शब्द थोडे आणि नियम ठसठशीत. स्क्रॅबल हा खेळ तयार करताना आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजली होती. त्यामुळे इंग्रजी खेळाच्या शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत आणि क्यू एकच, त्याला गुण दहा. मुलांना हे फार आवडलं. कमी दिसणाऱ्या अक्षराला जास्त मोल, हे लगेच पटतं.

क्यूच्या मागे यू येतो हे शाळेत सांगितलेलं असतं. पण वीसेक शब्द एकाखाली एक लिहिल्यावर मुलांनी तो नियम स्वतः पाहिला. क्वीन, क्विक, क्वाएट म्हणजे शांत आणि त्याच अक्षरांची जागा बदलून क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी. क्वेल म्हणजे लावा पक्षी. क्वायर म्हणजे कागदाचा दस्ता, चोवीस कागदांचा. क्यू मध्ये आला तरी यू त्याला सोडत नाही: ईक्वल, इक्विप, स्क्वॉड.

आणि क्वर्न, क्यू-यू-ई-आर-एन. म्हणजे जातं. ‘ताई, जात्याला इंग्रजीत शब्द आहे?’ असं एकीने विचारलं. आहे, आणि फार जुना आहे. धान्य तिकडेही हातानेच दळत होते.

रांगेसाठीचा शब्द क्यू-यू-ई-यू-ई असा लिहितात आणि म्हणतात नुसतं ‘क्यू’. पहिल्या अक्षरानंतरची चारही अक्षरं मुकी. इंग्रजीने तो फ्रेंचमधून उचलला, तिथे त्याचा अर्थ शेपूट. शेपटीसारखी लांब ती रांग. हे सांगितल्यावर कुणालाही तो शब्द पुन्हा घोकायला लागला नाही.

मग अपवाद. यूशिवायचा क्यू जिथे दिसतो ते शब्द बहुतेक अरबी वळणाचे, आणि त्यातले काही आपल्याला इंग्रजीपेक्षा जवळचे: फकीर, तलाक, निकाब. तिन्ही इंग्रजी शब्दकोशांत पाच अक्षरांत, क्यूने लिहिलेले सापडतात. चौथा कनात, क्यू-ए-एन-ए-टी. याचा तंबूच्या कनातीशी संबंध नाही. हा जमिनीखालून पाणी आणणारा इराणी पद्धतीचा बोगदा. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ही त्याच घराण्यातली, सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधलेली. अर्थाच्या रकान्यात तेच लिहिलं.

६ जुलै

आज आषाढी. मुलं कमी, चहा जास्त. फक्त वायचं छोटं पान केलं: ए, ई, आय, ओ, यू यातलं एकही अक्षर नसलेले शब्द. निम्फ, लिम्फ, क्रिप्ट, पिग्मी, ड्रायली. यातला एम-वाय-आर-आर-एच हा मर, म्हणजे हिराबोळ. बाळंतिणीसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून आणतात तोच. अण्णांनी स्वतःहून हा अर्थ सांगितला, प्रमाण अर्थाचा आग्रह न धरता.

१३ जुलै

जी-एचचं पान. सगळ्या वहीत मला याचीच ओढ होती.

नाइट, लाइट, राइट, फाइट, साइट, माइट, टाइट, एट. पुढे वे म्हणजे वजन करणे, थाय म्हणजे मांडी. मग लाफ, कफ म्हणजे खोकला, रफ, टफ. मग डो म्हणजे मळलेली कणीक, बाव म्हणजे झाडाची फांदी, ऑट म्हणजे ‘पाहिजे’. ओ-यू-जी-एच ही चारच अक्षरं घेतली तरी कफमध्ये ‘ऑफ’, रफमध्ये ‘अफ’, डोमध्ये ‘ओ’, बावमध्ये ‘आव’. मुलं चिडली. चिडणं रास्त आहे. एकच लिहिणं आणि चार उच्चार, हे शिकणाऱ्याला फसवणूक वाटतं, आणि शाळेत त्याचं कारण कुणी सांगत नाही.

कारण आहे. जी-एचला एके काळी स्वतःचा आवाज होता, घशातून घासून येणारा, ‘ख’च्या जवळचा. जर्मन ही इंग्रजीची बहीण, तिने तो टिकवला आहे. रात्रीला ते ‘नाख्ट’ म्हणतात, उजेडाला ‘लिख्ट’, आठला ‘आख्ट’. हे तीन शब्द फळ्यावर नाइट, लाइट, एट यांच्या शेजारी लिहिले. सातवीतला एक मुलगा उठून फळ्यापाशी आला आणि जी-एचवर बोट ठेवून म्हणाला, ‘म्हणजे हा ख आहे.’ तेवढंच समजायला हवं होतं.

पुढे इंग्रजांच्या तोंडातून हा आवाज गेला. काही शब्दांत पार नाहीसा झाला, काहींत त्याचा फ झाला. लिहिणं मात्र तसंच राहिलं, कारण दरम्यान छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला १४७६ साली. छापलेलं स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं आणि बोलणं बदलत राहिलं. म्हणजे आज मूल जे स्पेलिंग शिकतं ते बऱ्याच अंशी पाचशे वर्षांपूर्वीच्या बोलीचं आहे. ‘घोस्ट’मधला एचही त्याच काळातला. कॅक्स्टन पूर्वी ब्रुजला राहिलेला, तिकडच्या फ्लेमिश लिहिण्याच्या वळणाने तो आला असं मानतात.

पानाची मांडणी यामुळे बदलली. आधी शब्द वर्णक्रमाने होते. आता उच्चाराप्रमाणे घोळके केले: मुका जी-एच, फ झालेला जी-एच. बाव, डो आणि ऑट पहिल्या घोळक्यात. पानाच्या डोक्यावर एकच ओळ: ‘इथे पूर्वी ख होता.’

१६ जुलै

मधल्या वारी एक छोटी भर. नाशिकरोडहून येणाऱ्या मुलीचे आजोबा प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकमध्ये ‘प्रेस’ म्हटलं की दुसरं काही नाही: १९२५पासूनचं भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८पासून नोटा छापणारं चलार्थ पत्र मुद्रणालय. आजोबांच्या कामाचे पाच अक्षरी शब्द शोधून आणायचे, असं तिला सांगितलं होतं. तिने आणले: प्रेस, प्रिंट, पेपर, स्टॅम्प, मनी, शीट. सगळे पक्के पाचचे. पीचं पान यातूनच भरत गेलं.

२० जुलै

के-एन आणि एम-बी.

केचं गणित जी-एचसारखंच. नाइफ, नॉक, नील म्हणजे गुडघे टेकणे, नीड म्हणजे कणीक मळणे, नॅक म्हणजे हातोटी, नोल म्हणजे छोटी टेकडी. हा के पूर्वी म्हणत असत आणि साधारण सतराव्या शतकात तो बोलण्यातून गेला. जर्मन माणूस गुडघ्याला अजून ‘क्नी’ म्हणतो आणि कणीक मळण्याला ‘क्नेटन’. आता मुलं ‘क्नाइफ’, ‘क्नॉक’ असं मोठ्याने म्हणतात आणि लिहिताना के सुटत नाही. उच्चार बिघडेल म्हणून अण्णांना काळजी. मला ती नाही. लिहिताना एक, बोलताना एक, हे मुलांना नीट कळतं. घरची बोली आणि पुस्तकातली मराठी ती रोज वेगळी ठेवतातच.

एम-बीची गोष्ट जरा निराळी. क्लाइम्बमधला बी मुळातला. थम म्हणजे अंगठा आणि क्रम म्हणजे पावाचा चुरा, यांच्यात तो नव्हता, मागाहून लिहिला गेला. डाउटमध्ये तर विद्वानांनी मुद्दाम घातला, शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे हे दिसावं म्हणून. त्याआधी इंग्रज तो बीशिवाय सुखाने लिहीत होते. यावर वर्गात मोठी चर्चा झाली. एकीचं ठाम मत, तो बी काढून टाकावा. मला तिचं म्हणणं पटतं, पण पेपरात मार्क जातील एवढं तिला सांगितलं.

प्लम्बवर ठरल्याप्रमाणे ओळंबा. लॅटिनमध्ये शिशाला प्लम्बम म्हणत, दोरीच्या टोकाला शिशाचं वजन बांधायचे म्हणून हे नाव. नळाचं काम करणारा प्लंबरही तिथलाच, नळ्या शिशाच्या असत. गवंड्याच्या मुलाने दुपारी घरून ओळंबा आणला आणि अभ्यासिकेची मागची भिंत तपासली. सरळ आहे.

२७ जुलै

दोन ओ. स्पून, ब्रूम, टूथ, गूस यांत लांब ऊ. स्टुडमध्ये आखूड उ. फ्लोअरमध्ये ओ. ब्लड आणि फ्लड यांत चक्क अ. फ्लडपुढे नुसतं ‘पूर’ लिहून मुलांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी लिहिलेला अर्थ असा: ‘पूर. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं तो.’ हा अर्थ मी बदलणार नाही. गोदाघाटावर पूर मोजायची नाशिककरांची पट्टी तीच आहे.

त्यातून ओचा अ कसा होतो हा प्रश्न निघाला. अनियन, मनी, हनी, मन्थ, ग्लव्ह, अबव्ह. लासलगावच्या कांद्याचा जिल्हा आमचा, तर अनियनला वेगळी ओळ हवीच होती: ओ-एन-आय-ओ-एन. हनी आणि अबव्ह हे जुन्या इंग्रजीत यूने लिहीत. हस्तलिखितांच्या काळात यू, एन, एम, व्ही ही अक्षरं सारख्याच उभ्या दांड्यांनी काढलेली असत, शेजारी आली की वाचता येत नसत. म्हणून लेखनिकांनी तिथल्या यूचा ओ केला, असं सांगितलं जातं. अबव्ह, ग्लव्ह, स्टोव्ह, कर्व्ह यांच्या शेवटी ई का, याचाही धागा इथे आहे. यू आणि व्ही हे तेव्हा एकच अक्षर समजलं जायचं, त्यामुळे शब्दाच्या टोकाला व्ही उघडा ठेवत नसत. मुलांनी टोकाला व्ही असलेले शब्द शोधायला घेतले आणि पानभर ईच ई मिळाले.

१० ऑगस्ट

मखमलाबादच्या मुलाचे वडील त्याला सोडायला आले आणि तासभर बसले. द्राक्षबागायतदार. द्राक्षाला इंग्रजीत ग्रेप, पाचच अक्षरं, एवढं सांगितल्यावर ते एकेक शब्द मराठीत देत गेले आणि आठवीच्या मुली फिल्टर लावून इंग्रजी शोधत गेल्या. घड म्हणजे बंच. मणी म्हणजे बेरी. खोड म्हणजे ट्रंक. नवा फुटवा म्हणजे शूट. देठ म्हणजे स्टॉक. कलम म्हणजे ग्राफ्ट. फवारा म्हणजे स्प्रे. छाटणी करणे म्हणजे प्रून. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्हींना तोच शब्द. सगळे पाच अक्षरी, एकही ओढूनताणून आणलेला नाही.

बागेत पानांवर येणाऱ्या रोगाला शेतकरी ‘डावणी’ म्हणतात. तो शब्द डाउनी, डी-ओ-डब्ल्यू-एन-वाय, म्हणजे मऊ लव असलेला. पानाच्या मागच्या बाजूला बुरशीची पांढरी लव दिसते म्हणून. ते म्हणाले, ‘ताई, औषधाच्या डब्यावर हा शब्द मी कैक वर्षं बघतोय, अर्थ आज कळला.’ मग त्यांनी डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम कसं बांधतात ते मुलांना पेन आणि दोऱ्याने करून दाखवलं. त्यात शब्द नव्हता, पण ग्राफ्ट आता कुणी विसरणार नाही.

१७ ऑगस्ट

शब्दांची शिडी. एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि दर पायरीला खरा शब्द हवा. हा खेळ लुईस कॅरॉलने काढला, १८७९मध्ये तो लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आला. त्याच्या कोड्यांतलं एक पाच अक्षरीच होतं, गव्हाचा पाव करा: व्हीट, चीट, चीप, मग दोन ईवाला चीप, क्रीप, क्रीड, ब्रीड, ब्रेड. फळ्यावर अक्षरं मांडून एकेक बदलत गेलो. चीप दोनदा कसा, यावर मुलं अडली आणि अडल्यामुळे ई-ए आणि ई-ई यांतला फरक तिथेच बसला. पहिल्याचा अर्थ स्वस्त, दुसऱ्याचा पिल्लाची चिवचिव.

मग मखमलाबादच्या मुलाने स्वतःची शिडी आणली. ग्रेप, ग्रेट, क्रेट. मधला ग्रेट जी-आर-ए-टी-ई, म्हणजे किसणे. दोन बदलांत द्राक्ष क्रेटमध्ये. हिला वहीच्या मुखपृष्ठावर जागा दिली आहे.

क्नूथ यांनी आपल्या ५,७५७ शब्दांत अशा जोड्या संगणकाकडून तपासून घेतल्या, तेव्हा ६७१ शब्दांना एकही शेजारी मिळाला नाही. अशा शब्दांना त्यांनी नाव दिलं ‘अलूफ’, म्हणजे अलिप्त. ए-एल-ओ-ओ-एफ हा स्वतःही त्यातलाच, एकही अक्षर बदलून दुसरा शब्द होत नाही. मुलांनी बराच वेळ प्रयत्न केला. होत नाही.

३१ ऑगस्ट

वही झाली. झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून घेतली, मधोमध पिन मारली. शेवटच्या पानावर अक्षरं उलटसुलट करून होणारे शब्द टाकले: स्टेल, स्लेट, स्टील म्हणजे चोरणे, लीस्ट. चारही शब्द त्याच पाच अक्षरांचे. ओशन आणि कनू, म्हणजे समुद्र आणि होडी, हेही तसेच.

मोबाइलवरचं कोडं मुलं अजून खेळतात. पण आता अडल्यावर आधी वही उघडतात आणि शब्द लागला की शेजारच्याला अर्थ विचारतात. गेल्या आठवड्यात अण्णांनी ‘नॉक’ लिहायला सांगितला, पाचवीतल्या मुलीने के लिहिला आणि ‘क्नॉक’ म्हणत पुढचं लिहिलं.

पुढची वही कोणती हे मुलांनीच ठरवलं: आपल्याकडून इंग्रजीत गेलेले पाच अक्षरी शब्द. खाकी, रुपी, धोती, लाठी, क्रोर, जोवार हे आत्ताच सापडले आहेत. बाजरा बी-ए-जे-आर-ए, आणि सुरुवात बाजरीपासून.